फ्रेंच बचावातला ॲडव्हान्स प्रकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५. एवढ्या खेळ्या झाल्या की पटावर प्याद्यांची एक तिरकी भिंत उभी राहते आणि पुढच्या वीस-पंचवीस खेळ्या त्या भिंतीभोवतीच होतात. शिकणारे, शिकवणारे आणि स्पर्धेत खेळणारे या ओपनिंगबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पट समोर मांडून वाचा, नुसतं वाचून यातलं निम्मंही डोक्यात राहणार नाही.

इथल्या खेळ्या कशा वाचायच्या?

उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. मोठ्याने वाचताना ‘ए’ आणि ‘ई’ यांची गल्लत होते, तेवढं सांभाळा: ‘ए’ कडेची, ‘ई’ राजाची. नुसतं घराचं नाव दिलं असेल तर ती प्याद्याची खेळी. ‘×’ म्हणजे मारलं, ‘+’ म्हणजे शह. तीन टिंबांनंतर आलेली खेळी काळ्याची. ‘!’ म्हणजे उत्तम खेळी, ‘?’ म्हणजे चूक. ‘??’ म्हणजे घोडचूक, मग ती कुठल्याही मोहऱ्याने केलेली असो.

‘फ्रेंच’ हे नाव कुठून आलं?

लंडन आणि पॅरिस या दोन शहरांच्या क्लबांमध्ये १८३४ ते १८३६ या काळात पत्रांतून डाव खेळले गेले. त्यात पॅरिसने १. ई४ ला १...ई६ असं उत्तर दिलं. तेव्हापासून हे नाव चिकटलं. ॲडव्हान्स प्रकाराला ओपनिंगच्या वर्गीकरणात सी०२ हा क्रमांक आहे, डेटाबेसमध्ये डाव शोधायचे असतील तर तोच टाका.

३. ई५ खेळून पांढऱ्याला नेमकं काय मिळतं?

जागा. ई५चं प्यादं डी६ आणि एफ६ या दोन्ही घरांवर नजर ठेवतं. त्यामुळे काळ्याच्या राजाकडच्या घोड्याला त्याचं हक्काचं घर, म्हणजे एफ६, मिळत नाही. त्याला ई७ किंवा एच६वरून वळसा घालून एफ५ गाठावं लागतं. राजाची बाजू राखणारा घोडा एफ६वर नसला की तिथे हल्ला चढवणं सोपं होतं. शिवाय काळ्याचा सी८वरचा उंट स्वतःच्याच ई६, डी५ या प्याद्यांमागे कोंडला जातो.

ही जागा फुकट मिळत नाही. तिचं भाडं पांढऱ्याला डी४वर भरावं लागतं. ई५चं प्यादं पुढे गेलं आणि प्यादं माघारी येत नाही. त्याला आधार डी४चा, म्हणून डी४ला शेवटपर्यंत सांभाळणं आलं. काळ्याच्या जवळजवळ सगळ्या खेळ्या याच एका गोष्टीवर बेतलेल्या असतात.

साखळीचा पाया म्हणजे काय? डोक्यावर हल्ला का करायचा नाही?

पांढऱ्याची प्यादी डी४-ई५ अशी तिरकी उभी आहेत. ई५ हे डोकं, डी४ हा पाया. डोकं मारलं तर दुसरं मोहरं तिथे येऊन बसू शकतं. पाया गेला तर डोकं आपोआप लोंबकळतं. आरोन निम्झोविचने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा विचार नीट मांडला आणि हा प्रकार स्वतः खेळून दाखवला, म्हणून आजही त्याचं नाव इथे सारखं येतं.

डोक्यावर घाईने चढाई केली तर काय होतं ते लगेच बघता येतं. ३...एफ६? ४. उंट डी३. आता धमकी आहे ५. वजीर एच५+ जी६ ६. उंट×जी६+ एच×जी६ ७. वजीर×एच८. म्हणजे काळ्याने प्यादं हलवलं डोकं फोडायला आणि उघडा पडला त्याचाच राजा. म्हणून आधी ३...सी५, पायावर. एफ६चा घाव नंतर, किल्लेकोट (कॅसलिंग) झाल्यावर.

४. सी३ खेळल्यावर साखळी दोन घरांनी लांबते: बी२-सी३-डी४-ई५. आता खरा पाया बी२ झाला. ...वजीर बी६ इतकी नैसर्गिक का वाटते त्याचं कारण हेच. एकाच खेळीत वजीर डी४वरही दाब देतो आणि बी२कडेही बघतो.

दोन्ही साखळ्यांची दिशा बघा. पांढऱ्याची राजाच्या बाजूकडे बोट दाखवते, काळ्याची (एफ७-ई६-डी५) वजिराच्या बाजूकडे. ज्याने त्याने आपल्या बोटाच्या दिशेने खेळावं, हा ढोबळ नियम या ओपनिंगमध्ये बहुतेक वेळा खरा ठरतो.

३...सी५ नंतर ४. एफ४ का नको? ई५ला आणखी एक आधार मिळतो ना?

मिळतो, पण ई५ला आधाराची गरजच नव्हती, गरज डी४ला आहे. एफ४ने डी४ला काडीचीही मदत होत नाही. उलट सी१वरच्या उंटाची वाट बंद होते, ई३ आणि जी१कडे जाणारी तिरकी रेघ उघडी पडते, आणि काळ्याचा घोडा एच६-एफ५ असा आला की ई३च्या भोकाकडेही डोळा लावून बसतो. नवशिक्यांच्या डावांत ही खेळी फार दिसते. ४. सी३ हीच मुख्य वाट.

४. डी×सी५, ४. घोडा एफ३ (नंतर प्यादं देऊन झटपट मोहरे काढायचे) आणि ४. वजीर जी४ याही खेळ्या आहेत. निम्झोविच शेवटची खेळायचा. झटपट डावांत या चालून जातात, पण साखळीचा खेळ समजून घ्यायचा असेल तर सुरुवात त्यांच्यापासून करू नका.

डी४वर कोण किती, हे मोजायचं कसं?

हा या ओपनिंगचा गाभा आहे, म्हणून एक स्थिती अगदी जवळून बघू.

४. सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ वजीर बी६ ६. उंट ई२ सी×डी४ ७. सी×डी४ घोडा जीई७ (म्हणजे जी८वरचा घोडा) ८. बी३ घोडा एफ५ ९. उंट बी२ उंट बी४+.

काळ्याचे मारेकरी मोजा: सी६चा घोडा, एफ५चा घोडा, बी६चा वजीर. तीन. पांढऱ्याचे राखणदार: एफ३चा घोडा, डी१चा वजीर, बी२चा उंट. तीन. बरोबरी आहे, म्हणजे प्यादं टिकतं. पण राजाला शह आहे आणि तो अडवायला गेलं की एक राखणदार गळतो:

१०. घोडा सी३ खेळलात तर बी२च्या उंटाची रेघ बंद. राखणदार दोन.
१०. घोडा बीडी२ खेळलात तर वजिराची रेघ बंद. पुन्हा दोन.
१०. उंट सी३ खेळलात तर काळा १०...उंट×सी३+ ११. घोडा×सी३ अशी अदलाबदल करतो आणि पुन्हा दोनच उरतात.
१०. वजीर डी२ तर उंटाच्या तोंडात वजीर.

म्हणून इथे पांढरा १०. राजा एफ१ खेळतो. किल्लेकोटाचा हक्क गेला, एच१चा हत्ती कोंडला, तरी ही खेळी योग्य आहे. तिन्ही राखणदार जागच्या जागी राहतात आणि पुढे जी३, राजा जी२ अशी वाट काढून हत्ती बाहेर येतो. ‘राजा हलवायचा नाही’ हा शाळेतला नियम डोक्यात घट्ट बसलेले खेळाडू इथे हमखास प्यादं घालवतात.

प्रत्येक खेळीआधी हा हिशोब करायची सवय लावा. मारेकरी राखणदारांपेक्षा एकानेही जास्त झाले की प्यादं गेलं समजा.

काळ्याने सी×डी४ ही अदलाबदल लगेच करावी का?

शक्यतो नाही. सी×डी४, सी×डी४ झालं की पांढऱ्याच्या बी१वरच्या घोड्याला सी३ हे उत्तम घर मोकळं होतं. तोवर तो घोडा बिचारा ए३ किंवा डी२वर आडवळणाने जागा शोधत असतो. दाब ठेवायचा आणि मारायचं नाही, यात काळ्याचा फायदा असतो.

पण फार वेळ थांबलात तर पांढरा डी×सी५ खेळू शकतो. म्हणून ज्या खेळीला मारण्यातून ठोस काही मिळतं तेव्हाच मारा: घोडा एफ५वर पोचल्याने डी४चा हिशोब बदलत असेल, किंवा ...उंट बी४+ सारखा शह मिळत असेल, किंवा बी४ येऊन सी५वरच प्रश्न निर्माण होणार असेल.

५...वजीर बी६ आणि ५...उंट डी७ यांत काय फरक?

वजीर आधी काढला की दाब लगेच येतो, पण आपला बेतही उघड होतो. उंट डी७ ही थांबून बघण्याची खेळी. वजीर बी६, सी७ की डी८वरच, हे गुलदस्त्यात राहतं आणि सी८चं घर हत्तीसाठी मोकळं होतं. पांढरा मग बरेचदा ६. उंट ई२ घोडा जीई७ ७. घोडा ए३ सी×डी४ ८. सी×डी४ घोडा एफ५ ९. घोडा सी२ असा खेळतो. ए३वरून सी२ला आलेला घोडा डी४चा पक्का पहारेकरी होतो. दिसायला ओबडधोबड, पण कामाचा.

६. ए३ ही एवढी लोकप्रिय का? त्यात हल्ला कुठे दिसत नाही.

ती दोन कामं एकदम करते. वर सांगितलेला ...उंट बी४+ बंद होतो, आणि बी४ खेळून सी५वर विचारणा करायची तयारी होते. बी४ नंतर उंट बी२वर गेला की डी४ला कायमचा राखणदार मिळाला. (६. ए३ ही ५...वजीर बी६ नंतरची गोष्ट आहे, तसंच गृहीत धरा.) काळ्याकडे चार मुख्य उत्तरं आहेत आणि चारही वेगळ्या वळणाची.

६...घोडा एच६ ७. बी४ सी×डी४ ८. सी×डी४ घोडा एफ५ ९. उंट बी२ उंट डी७ १०. जी४ घोडा एफई७ ११. घोडा सी३. इथे ११...घोडा ए५ ही लक्षात ठेवण्याजोगी खेळी. घोडा प्याद्याच्या तोंडात दिल्यासारखा दिसतो, पण १२. बी×ए५ वजीर×बी२ होतं आणि काळ्याचं काही बिघडत नाही. घोड्याला सी४ गाठायचं असतं. बी४ खेळल्यावर सी४च्या घराला प्याद्याचा पहारा उरत नाही, ही बी४ची किंमत आहे.

६...उंट डी७ ७. बी४ सी×डी४ ८. सी×डी४ हत्ती सी८. पुन्हा तोच बेत: घोडा ए५, मग सी४.

६...ए५ थांबवतं बी४ला, पण बी५चं घर कायमचं कच्चं करतं. पांढरा ७. उंट डी३ खेळून खाली सांगितलेल्या गॅम्बिटकडे (प्यादं देऊन वेग मिळवण्याच्या खेळाकडे) वळू शकतो, आणि तिथे काळ्याला ए६ खेळून बी५ झाकता येत नाही कारण प्यादं आधीच पुढे गेलेलं आहे.

६...सी४ ही बंद करणारी खेळी. तिचा वेगळा प्रश्न खाली आहे.

...सी४ खेळून वजिराची बाजू बंद केली तर डाव बरोबरीतच जातो का?

मुळीच नाही, उलट लांब आणि चिवट डाव होतो. फक्त भाडं कुणी भरायचं ते बदलतं. सी५चं प्यादं सी४ला गेलं की डी४वरचा दाब संपला. पांढऱ्याचे मोहरे मोकळे झाले. बदल्यात काळ्याला बी३वर भोक मिळतं: घोडा ए५वरून तिथे डोकावतो आणि पांढऱ्याने बी३ खेळलं तर सी×बी३ होऊन वजिराची बाजू थोडी उघडते.

पांढऱ्याने इथे घाई करू नये. ७. घोडा बीडी२ घोडा ए५ नंतर उंट ई२ (किंवा जी३ खेळून एच३कडे), किल्लेकोट, मग राजाच्या बाजूला जागा वाढवायची: एफ३चा घोडा हलवून एफ४, जी४ आणि योग्य वेळी एफ५. काळा बहुतेकदा वजिराच्या बाजूला किल्लेकोट करतो आणि ...एफ६ किंवा ...एच५ने खीळ घालतो. आमचं मत असं, की पटाच्या एकाच बाजूला खेळणाऱ्या पांढऱ्याला हे सोपं जातं. काळ्याला धीर लागतो.

काळ्याच्या ‘वाईट’ उंटाचं काय करायचं?

बदलायचा. ई६, डी५, एफ७ ही सगळी प्यादी पांढऱ्या घरांवर, आणि सी८चा उंटही पांढऱ्या घरांचा. पांढऱ्याच्या डी४, ई५ या प्याद्यांमुळे पांढऱ्याचा काळ्या घरांचा उंट तसाच थोडा अडतो, आणि त्याचा डी३वरचा पांढऱ्या घरांचा उंट मात्र राजाच्या बाजूला आग ओकतो. म्हणजे पांढऱ्या घरांचे उंट एकमेकांशी बदलले गेले तर काळ्याने आपला सर्वात वाईट मोहरा देऊन समोरचा सर्वात चांगला घेतला. याहून चांगला सौदा या ओपनिंगमध्ये नाही.

दोन वाटा आहेत. पहिली, ४...वजीर बी६ ५. घोडा एफ३ उंट डी७ आणि मग उंट बी५. याला ‘वेड’ (Wade या खेळाडूच्या आडनावावरून) प्रकार म्हणतात. पांढरा बहुधा सी४ खेळून तिथेच गोंधळ घालतो किंवा शांतपणे किल्लेकोट करतो. दुसरी, ३...बी६ आणि उंट ए६. इथे सापळा आहे: ४. सी३ उंट ए६? ५. उंट×ए६ घोडा×ए६ ६. वजीर ए४+ आणि ए६चा घोडा फुकट गेला. म्हणून आधी ४...वजीर डी७, मग उंट ए६. क्रम उलटा झाला की मोहरा गेला.

मिलनर-बॅरी गॅम्बिट काय आहे? प्यादं फुकट जातं असं वाटतं.

५...वजीर बी६ नंतर ६. उंट डी३. उंट डी३वर आल्याने वजिराचा डी४वरचा पहारा सुटतो, म्हणून काळ्याला प्यादं मिळेल असं दिसतं. स्टुअर्ट मिलनर-बॅरी (१९०६–१९९५) या इंग्लिश खेळाडूचं नाव याला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मन सांकेतिक संदेश उलगडणाऱ्यांत तो होता.

आधी सापळा. ६...सी×डी४ ७. सी×डी४ घोडा×डी४?? ८. घोडा×डी४ वजीर×डी४ ९. उंट बी५+. उंट शह देत बाजूला झाला, डी पट्टी उघडली, काळ्याचा वजीर गेला. ऑनलाइन झटपट डावांत हे आजही रोज घडतं.

काळ्याने आधी ७...उंट डी७ खेळलं तर बी५चा शह बंद होतो आणि प्यादं खरोखर मारता येतं: ८. किल्लेकोट घोडा×डी४ ९. घोडा×डी४ वजीर×डी४ १०. घोडा सी३. आता दुसरं प्यादंही समोर आहे. १०...वजीर×ई५ ११. हत्ती ई१ वजीर बी८ आणि १२. घोडा×डी५! ई६चं प्यादं त्याला मारू शकत नाही, कारण ई१चा हत्ती थेट ई८च्या राजाकडे बघतो आणि ते प्यादं जागेवर खिळलेलं आहे. त्यामुळे जाणकार काळा १०...ए६ खेळून बी५चं घर आधी झाकतो.

मग ११. वजीर ई२ घोडा ई७ १२. राजा एच१. ही राजाची खेळी उगाच नाही: डी४चा वजीर एफ२च्या प्याद्याला जी१च्या राजावर खिळवून बसलेला असतो, म्हणजे राजा हलल्याशिवाय एफ४ खेळताच येत नाही. १२...घोडा सी६ १३. एफ४ घोडा बी४, आणि काळा डी३चा उंट मिळवायला निघतो. पांढऱ्याकडे प्याद्याच्या बदल्यात वेग आणि मोकळ्या पट्ट्या. काळ्याने अचूक खेळ केला तर तो तग धरतो. पण अचूक खेळायला वेळ लागतो, म्हणून रॅपिडमध्ये हा गॅम्बिट खतरनाक आणि लांब वेळेच्या डावात जरा धाडसी.

आपणच डी×सी५ खेळून साखळी सोडली तर सगळं फुकट गेलं ना?

इथेच बहुतेकांची समजूत चुकते. साखळी राखायची असते ती डी४ आणि ई५ या घरांसाठी. प्यादी गेली आणि घरं हातात राहिली तरी चालतं.

याचा आदर्श डाव निम्झोविच विरुद्ध साल्वे, कार्ल्सबाद, १९११. ५...वजीर बी६ ६. उंट डी३ उंट डी७ इथवर आल्यावर पांढरा ७. डी×सी५ खेळला. ७...उंट×सी५ ८. किल्लेकोट एफ६ ९. बी४ उंट ई७ १०. उंट एफ४ एफ×ई५ ११. घोडा×ई५ घोडा×ई५ १२. उंट×ई५ घोडा एफ६. आता पटावर पांढऱ्याचं ना डी४चं प्यादं, ना ई५चं. काळ्याची मात्र डी५ आणि ई६ प्यादी मध्यात, बघणाऱ्याला वाटावं की केंद्र त्याचं.

मग १३. घोडा डी२ किल्लेकोट १४. घोडा एफ३ उंट डी६ १५. वजीर ई२ हत्ती एसी८ १६. उंट डी४ वजीर सी७ १७. घोडा ई५. उंट डी४वर, घोडा ई५वर. ज्या घरांवर आधी प्यादी होती तिथे मोहरे येऊन बसले, आणि काळ्याची ती दोन सुंदर प्यादी पुढेही सरकेनात. डी७चा उंट आपल्याच भिंतीमागे पडून राहिला. डाव पांढऱ्याने जिंकला. हा एक डाव पटावर चार वेळा मांडून बघणं दहा व्हिडिओंपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

डी×सी५ केव्हा, तर तुमचे मोहरे डी४, ई५ लवकर गाठू शकत असतील तेव्हा. काळा उंट ई७वर आणून मग सी५ मारणार असेल तर त्याची एक खेळी वाया गेली, हा वरकड फायदा. पण घोडा सी६वर, वजीर सी७वर आणि एफ६ तयार, अशा वेळी डी४ सोडलात तर ई५ही जाईल.

काळ्याने ...एफ६ कधी खेळायचं?

डी४वरच्या दाबाने पांढऱ्याचे मोहरे बांधले गेले की. राखणदार डी४ला जुंपलेले असतात, तेव्हा ई५वरचा दुसरा घाव त्यांना झेपत नाही. त्याआधी तीन गोष्टी तपासा: राजा ई८वरून हललेला असावा, ई६च्या प्याद्याला आधार असावा (ई×एफ६ झाल्यावर ई पट्टी अर्धी उघडते आणि ई६ मागे पडलेलं प्यादं होतं), आणि पांढऱ्याचा उंट डी३वरून एच७कडे बघत असेल तर वजीर एच५ला उत्तर हातात असावं.

ई×एफ६ नंतर घोडा किंवा उंटाने मारलं तर एफ पट्टी हत्तीला मिळते. जी×एफ६ने मध्य भक्कम होतो पण राजा थोडा उघडा पडतो. पांढऱ्याचं उत्तर बहुधा एकच: हत्ती ई१ आणि ई५वर घोडा किंवा उंट बसवणं. तो तिथे टिकला तर काळा फसला, ई६-ई५ ढकलता आलं तर काळा सुटला.

एफ५च्या घोड्याला पांढरा जी४ने हुसकावतो. मग?

तीन उत्तरं. आधीच ...एच५ खेळून ठेवा. जी५ थोडं कच्चं होतं, पण घोडा शाबूत राहतो. दुसरं, घोडा ई७वर परत न्या आणि मग एच५ने त्याच जी४वर आदळा. तिसरं सर्वात मजेदार: ई७वर उंट किंवा डी८वर वजीर असेल तर ...घोडा एच४. घोडे बदलले गेले की डी४चा मुख्य राखणदार, एफ३चा घोडा, गेला. जी४ खेळणाऱ्याला पुष्कळदा हेच दिसलेलं नसतं.

घोडा एच६वर आला की पांढऱ्याने उंट×एच६ मारून प्यादी दुहेरी करावीत का?

डोळे झाकून नको. ५...वजीर बी६ नंतर ६. उंट ई२ सी×डी४ ७. सी×डी४ घोडा एच६ ८. उंट×एच६ वर काळा लगेच परत मारत नाही, आधी ८...वजीर×बी२. उंट मागे घेतला तर ए१चा हत्ती वजिराच्या तोंडात. प्यादी दुहेरी झाली तरी काळ्याला जी पट्टी आणि जी७वर उंट मिळतो, आणि डी४, बी२ राखणारा पांढऱ्याचा उंट कायमचा गेलेला असतो.

उंट×एच७+ ची आहुती या ओपनिंगमध्ये कधी बसते?

काळ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट केला आहे, एफ५वर घोडा नाही आणि डी३-एच७ रेघ मोकळी आहे, अशा वेळी नेहमी तपासा. उंट×एच७+ राजा×एच७, घोडा जी५+. राजा जी८ला गेला तर वजीर एच५ आणि एच७वर मात करण्याची धमकी. राजा एच६ला आला तर घोडा हलताच सी१वरच्या उंटाचा शह बसतो. राजा जी६ हा बचाव सर्वात चिवट, तिथे वजीर जी४ किंवा एच४-एच५ची तयारी हवी.

तीन ठिकाणी फसतं: काळ्याचा घोडा एफ८ला पोचून एच७ राखू शकत असेल तर, वजीर किंवा उंट बी१-एच७ रेघेवर येऊ शकत असेल तर, आणि ई७वर उंट असताना तुमचं एच४ झालेलं नसेल तर, कारण मग तो जी५चा घोडा सरळ मारतो.

शेवटच्या टप्प्यात कोणाचं पारडं जड?

सी पट्टी उघडली असेल तर हत्ती बहुधा तिथेच बदलले जातात. उरलेल्यात काळ्याकडे डी७चा उंट आणि पांढऱ्याकडे घोडा असेल, तर पांढरा आनंदाने खेळतो: त्याचा राजा एफ४-जी५ असा काळ्या घरांवरून आत शिरतो आणि उंट बघत राहतो, कारण ती घरं त्याची नाहीतच. तेच पांढऱ्याकडे काळ्या घरांचा उंट आणि काळ्याकडे सी४वर पक्का बसलेला घोडा असेल, तर चित्र उलटं.

कॅरो-कॅनच्या ॲडव्हान्स प्रकाराशी याचं नातं काय?

१. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई५ उंट एफ५. तिथे काळ्याचा उंट भिंतीबाहेर निघतो, पण सी प्यादं आधी सी६ला आणि मग सी५ला, म्हणजे पायावरचा घाव एक खेळी उशिरा बसतो. फ्रेंचमध्ये घाव वेळेवर, उंट आत. ज्याला उंटाची चिंता जास्त त्याने कॅरो-कॅन खेळावा.

पांढऱ्याकडून हे खेळायला किती पाठ करावं लागतं?

३. घोडा सी३ किंवा ३. घोडा डी२ यांच्या तुलनेत बरंच कमी. तिथे काळ्याकडे फाटे फार, इथे तिसऱ्या खेळीलाच पटाचा आकार ठरून जातो. एव्गेनी स्वेश्निकोव्ह (१९५०–२०२१) हा ग्रँडमास्टर आयुष्यभर ३. ई५ निष्ठेने खेळत राहिला, त्याचे डाव क्रमाने बघा. काळ्याच्या बाजूने फ्रेंच शिकायचा तर व्हिक्टर कोर्चनॉय आणि वोल्फगांग उलमान यांचे.

सुरुवातीला ६. ए३ आणि ६. उंट ई२ यांपैकी एकच धरा. वीस-तीस डाव होईपर्यंत बदलू नका. प्रत्येक डावानंतर दहाव्या आणि पंधराव्या खेळीला डी४चे मारेकरी आणि राखणदार किती होते ते वहीत लिहा.